टाकळीची गोगलगाय आणि उत्पत्तीचा पहिला अध्याय : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रविवारची उपासना आटोपून चहा झाला की आमच्या ख्रिस्ती मंडळीचा तरुण संघ मागच्या खोलीत जमतो. मी नागपुरात आयुष्यभर भूशास्त्र शिकवले, आता निवृत्त आहे, त्यामुळे विज्ञानाचा प्रश्न निघाला की पाळकसाहेब माझ्याकडे बोट दाखवतात. दर दोन-तीन वर्षांनी मुले बदलतात, प्रश्न मात्र तेच येतात, म्हणून उत्तरे इथे लिहून ठेवतो आहे. ती माझी आहेत, मंडळीची ठरवून दिलेली शिकवण नव्हे. काही विश्वासू बंधुभगिनींना ती पटत नाहीत, आणि तरी आम्ही एकाच मेजावर प्रभुभोजन घेतो.

सर, पृथ्वीचे वय किती? सहा हजार वर्षे की साडेचारशे कोटी?

सुमारे 454 कोटी वर्षे. सहा हजार हा आकडा पवित्र शास्त्रात, म्हणजे बायबलमध्ये, कुठेच लिहिलेला नाही. जुन्या करारातल्या वंशावळ्यांमधली वये बेरजेला घेऊन लोकांनी तो काढला. त्यातली सर्वांत गाजलेली बेरीज आयर्लंडचे आर्चबिशप जेम्स अशर यांची. 1650 मध्ये त्यांनी जगाचा आरंभ ख्रिस्तपूर्व 4004 सालचा ठरवला. पुढे इंग्रजी बायबलच्या समासात ती तारीख छापली जाऊ लागली आणि समासातले हळूहळू लोकांच्या मनात मजकुरात जाऊन बसले.

अशर विद्वान होते, त्यांची थट्टा करू नका. त्यांच्याकडे खडक वाचायचे साधन नव्हते. आपल्याकडे आहे, आणि नागपूरकराला तर ते पायाखालीच आहे.

सीताबर्डीचा किल्ला ज्या टेकडीवर आहे तिचा काळा कातळ म्हणजे थिजलेला लाव्हा. दख्खनच्या पठारावर हा लाव्हा एकदा नव्हे, पुन्हा पुन्हा वाहत आला. दोन लाव्ह्यांच्या मध्ये बऱ्याच ठिकाणी चिखलाचा, चुनखडीचा, गारगोटीचा पातळ थर सापडतो. टाकळीला, म्हणजे आजच्या पोलीस लाइन टाकळीच्या भागात, अशाच थरात गोड्या पाण्यातल्या गोगलगायींचे शंख सापडले, झाडांची फळे आणि बिया सापडल्या. आता विचार करा. खाली लाव्हा थंड झाला. त्यावर तळे साचले, काठावर झाडे वाढली, पाण्यात गोगलगायी जन्मल्या आणि मेल्या, त्यांचे शंख गाळात रुतले. मग वरून पुन्हा लाव्हा आला. यातल्या कोणत्याही पायरीला घाई करता येत नाही. किरणोत्सर्गी घड्याळांनी या लाव्ह्याचे वय मोजले तर ते सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षे निघते.

आणि हे शंख गोळा करून अभ्यासणारा माणूस कोण होता? स्टीफन हिस्लॉप. स्कॉटलंडहून 1845 मध्ये नागपूरला आलेले मिशनरी, ज्यांच्या नावाने आपले हिस्लॉप कॉलेज आहे. सहकारी रॉबर्ट हंटर यांच्यासोबत त्यांनी नागपूर परिसराच्या भूरचनेवर निबंध लिहिला आणि तो लंडनच्या जिऑलॉजिकल सोसायटीच्या नियतकालिकात 1855 मध्ये छापून आला. तोवर डार्विनचा उत्क्रांतीवरचा ग्रंथ निघालाही नव्हता. कामठी आणि सिलेवाड्याच्या वालुकाश्मातली ग्लोसोप्टेरिस या नामशेष वनस्पतीची पाने त्यांनी जमवली. त्यांच्या नावाने हिस्लोपाइट हे खनिजही ओळखले जाते. हातोडी आणि शुभवर्तमान एकाच झोळीत घेऊन हा माणूस गावोगाव हिंडला. म्हणून दगडाला भ्यायचे कारण आपल्या मंडळीला तरी नाही, असे मी मुलांना सांगतो.

कार्बनने मोजलेली वये चुकतात, असे एका उपदेशात ऐकले.

कार्बन-14 ने खडकांचे वय मोजतच नाहीत. त्याचे अर्धायुष्य, म्हणजे निम्मे अणू मोडायला लागणारा काळ, 5730 वर्षे आहे. पन्नास हजार वर्षांपलीकडे मोजण्याइतके काही उरत नाही, आणि तेही लाकूड, हाडे, कोळसा अशा एकेकाळी जिवंत असलेल्या वस्तूंसाठी. लाव्ह्यासाठी पोटॅशियम-40 चे अर्गॉन होणे मोजतात, त्याचे अर्धायुष्य सुमारे 125 कोटी वर्षे. झिरकॉन या खनिजाच्या कणांसाठी युरेनियमचे शिसे होणे मोजतात. ही घड्याळे वेगवेगळ्या वेगाने चालतात आणि तरी एकच वेळ सांगतात, तेव्हा ती सगळीच सारखी बिघडली असे म्हणणे अवघड जाते. चुका होतात, नमुना दूषित निघतो, हे खरे. त्या चुका पकडण्याच्या रीतीही त्याच विज्ञानात आहेत.

मग उत्पत्तीचा पहिला अध्याय खोटा का?

खोटा नाही. बायबलच्या या पहिल्या पुस्तकाचा तो अध्याय काय सांगायला बसला आहे ते आधी पाहा.

उत्पत्तीचे पहिले दोन अध्याय शेजारी ठेवून वाचा, अगदी वहीत क्रम मांडून. पहिल्यात वनस्पती तिसऱ्या दिवशी, सूर्य चौथ्या दिवशी, पशू आणि शेवटी नर-नारी सहाव्या दिवशी. दुसऱ्यात आधी माणूस, मग बाग, मग पशू, मग स्त्री. ज्याने ही दोन्ही पाने एकत्र ठेवली त्याला हा फरक दिसत नव्हता असे मला वाटत नाही. त्याला क्रमाची नोंद ठेवायची नव्हती.

पहिल्या अध्यायात सूर्य-चंद्राची नावे नाहीत, ‘मोठी ज्योती’ आणि ‘लहान ज्योती’ एवढेच आहे. बाबेलमध्ये, म्हणजे बॅबिलोनमध्ये, सूर्य आणि चंद्र ही दैवते होती. त्यांना भिऊन असलेल्या जगात गुलाम झालेली इस्राएलची प्रजा म्हणते : हे देव नाहीत, हे आमच्या देवाने टांगलेले दिवे आहेत. माझ्या लेखी हे कोणत्याही तारखेपेक्षा मोठे सत्य आहे. त्याला भूशास्त्राच्या पाठ्यपुस्तकाचे काम लावले तर आपणच त्याला लहान करतो.

हे आजच्या विज्ञानाला घाबरून काढलेले पळवाटीचे वाचन नव्हे. संत ऑगस्टीन यांनी पाचव्या शतकाच्या आरंभी उत्पत्तीवर मोठा ग्रंथ लिहिला. त्यात त्यांनी ख्रिस्ती लोकांना बजावले आहे की आकाश-पृथ्वीविषयी परक्यांनाही ठाऊक असलेल्या गोष्टींवर पवित्र शास्त्राचा हवाला देऊन अडाण्यासारखे बोलू नका, नाहीतर पुनरुत्थानाविषयी आपण जे सांगतो त्यावर कोण विश्वास ठेवील? त्यांच्या समोर ना दुर्बीण होती ना सूक्ष्मदर्शक.

नोहाच्या काळचा जलप्रलय साऱ्या पृथ्वीवर आला होता का?

टाकळीची गोगलगाय नाही म्हणते. ती गोड्या पाण्यातली आहे आणि तिच्या वर-खाली लाव्हा आहे. साऱ्या पृथ्वीवर एकदाच आलेल्या पुराने असा थर लागत नाही. मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकच्या भागात, मोठमोठे पूर येत, आणि पुराची कथा तिथल्या मातीच्या पाट्यांवरही आहे. 1872 मध्ये जॉर्ज स्मिथ यांनी ब्रिटिश म्युझियममध्ये तशी पाटी वाचली तेव्हा युरोपभर खळबळ उडाली. इस्राएलने ती जुनी आठवण घेतली आणि तिच्यातून देव न्यायी आहे, दयाळू आहे आणि वचन पाळतो, हे सांगितले.

बारावीच्या जीवशास्त्राच्या पेपरात उत्क्रांतीचे उत्तर लिहू की नको?

लिही. गुणांसाठी लिहीच, पण समजून लिही.

हा प्रश्न विचारणाऱ्या मुलीचे डोळे भरून आले होते. कोणीतरी तिला सांगितले होते की ते उत्तर लिहिणे म्हणजे प्रभूला नाकारणे. एवढे ओझे लेकरांच्या डोक्यावर देऊ नका, ही माझी मोठ्यांना हात जोडून विनंती आहे.

पुरावा भक्कम आहे. बहुतेक प्राण्यांचे शरीर क जीवनसत्त्व स्वतः तयार करते. आपल्यातले ते जनुक मोडलेले आहे, आणि चिंपांझीतही तेच जनुक मोडलेले आहे. माणसाची गुणसूत्रे 46, मोठ्या वानरांची 48. आपल्या दुसऱ्या गुणसूत्रात दोन जुनी गुणसूत्रे जोडल्याची खूण अजून दिसते. मानवी जनुकसंचाचा प्रकल्प 2003 मध्ये पूर्ण झाला तेव्हा त्याचे अमेरिकेतले नेतृत्व करणारे फ्रान्सिस कॉलिन्स उघडपणे विश्वासू ख्रिस्ती. अनुवंशशास्त्राचा पाया घालणारे ग्रेगोर मेंडेल मठातले धर्मगुरू होते. विश्वाचा आरंभ एका आद्य कणातून झाला असे 1931 मध्ये मांडणारे जॉर्ज लेमेत्र हेही धर्मगुरू. पुढे 1951 मध्ये पोप पायस बारावे यांनी या सिद्धान्तात निर्मितीचा पुरावा पाहिला, तेव्हा खुद्द लेमेत्र अस्वस्थ झाले. विज्ञानाचे सिद्धान्त उद्या बदलू शकतात, त्यांच्यावर देवाचे अस्तित्व टांगू नये, असे त्यांना वाटे. मलाही तसेच वाटते.

पण मग आदामाचे काय? आदाम नसेल तर पाप कुठून आले?

या यादीतला हा माझ्यासाठी सर्वांत कठीण प्रश्न. रोमकरांस पत्राच्या पाचव्या अध्यायात प्रेषित पौल मना केलेले फळ खाणारा पहिला माणूस आदाम आणि ख्रिस्त यांना समोरासमोर उभे करतो, म्हणून हा विषय बाजूला सारता येत नाही. आज माणसांत जेवढी जनुकीय विविधता आहे ती काही हजार वर्षांपूर्वीच्या एकाच जोडप्यापासून येऊ शकत नाही, हेही तितकेच खरे.

काही विचारवंत म्हणतात, त्या काळच्या माणसांतून देवाने एका जोडप्याला प्रतिनिधी म्हणून निवडले. काही म्हणतात, ‘आदाम’ या इब्री शब्दाचा अर्थच मनुष्य, म्हणून ती प्रत्येकाची गोष्ट आहे. मी दुसऱ्या बाजूला झुकतो. पाप कुठून आले हे शोधायला मला मेसोपोटेमियात जावे लागत नाही. ज्या दिवशी सख्ख्या भावाशी वडिलोपार्जित घरावरून मी बोलणे टाकले, त्या दिवशी फळ मीच खाल्ले होते. माझे उत्तर पुरते झालेले नाही. ते पुरते झाले आहे असे मुलांना भासवत नाही.

गॅलिलिओला चर्चने छळले ना?

हो. 1633 मध्ये खटला चालला, त्याला आपले म्हणणे मागे घ्यायला लावले आणि मरेपर्यंत नजरकैदेत ठेवले. त्या वेळी पृथ्वी फिरते याचा निर्णायक पुरावा त्याच्याकडे नव्हता, असे काही जण सांगतात आणि ते खरेही आहे. पण त्यामुळे अन्याय न्याय होत नाही. पोप जॉन पॉल दुसरे यांनी ती चूक 1992 मध्ये जाहीरपणे मान्य केली.

उत्खननाने बायबल खरे ठरले आहे ना?

काही ठिकाणी, आणि तिथे मन भरून येते. 1993 मध्ये इस्राएलच्या उत्तरेला तेल दान इथे ख्रिस्तपूर्व नवव्या शतकातला शिलालेख सापडला, त्यात ‘दावीदाचे घराणे’ असे शब्द आहेत. तोवर काही अभ्यासक दावीदाला केवळ दंतकथा मानत होते. 1961 मध्ये कैसरियात येशूला देहदंड देणारा रोमन सुभेदार पंतय पिलात याचे नाव असलेला दगड मिळाला. ग्रीसमधल्या डेल्फीच्या लेखावरून गल्लियो हा सुभेदार इ.स. 51-52 च्या सुमारास करिंथला होता हे कळले. बायबलमधल्या ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकात पौल त्याच्यापुढे उभा राहतो, म्हणून पौलाच्या प्रवासाला एक पक्की तारीख मिळाली.

माझे आवडते उदाहरण यरुशलेमच्या हिज्कीया राजाचे. ख्रिस्तपूर्व 701 मध्ये अश्शूरचा राजा सन्हेरीब यरुशलेमवर चालून आला. त्याचा स्वतःचा कोरीव वृत्तान्त सापडला आहे. हिज्कीयाला पिंजऱ्यातल्या पाखरासारखे कोंडले, अशी बढाई तो त्यात मारतो, पण शहर घेतले असे म्हणत नाही. खंडणीत 30 किक्कार (वजनाचे जुने माप) सोने मिळाल्याचे तो सांगतो, आणि राजे या पुस्तकातही 30 किक्कारच आहेत. चांदीचा आकडा मात्र जुळत नाही : शास्त्रात 300, सन्हेरीबच्या लेखात 800. शत्रूच्या वहीत आपली नोंद सापडावी आणि तीही अशी, कुठे जुळणारी कुठे न जुळणारी, याहून खऱ्या इतिहासाचा वास दुसरा कोणता?

एक सावधगिरी मात्र बाळगा. राजा खरा निघाला म्हणून गोष्ट खरी ठरत नाही. ‘थोमाची कृत्ये’ या जुन्या, पण शास्त्रात नसलेल्या पुस्तकात येशूचा शिष्य थोमा भारतात गोंडोफेर्नेस राजाकडे जातो. लोक त्या राजालाच काल्पनिक समजत होते, तर एकोणिसाव्या शतकात त्याची नाणी निघाली. राजा खरा ठरला. पण त्याच पुस्तकात गाढव बोलते, साप बोलतो, ते नाण्यांनी सिद्ध झालेले नाही. हीच फूटपट्टी आपण आपल्या ग्रंथालाही लावली पाहिजे.

आणि जिथे जुळत नाही तिथे?

तिथे तसे सांगायचे. मिसरातून (इजिप्तमधून) इस्राएलचे सहा लाख पुरुष निघाले असे बायबलमधले निर्गम हे पुस्तक म्हणते, म्हणजे बायकामुले धरून वीस लाखांच्या घरात माणसे. एवढ्या लोकांचा चाळीस वर्षांचा मुक्काम सिनायच्या वाळवंटात काही खूण सोडील, पण ती सापडलेली नाही. ख्रिस्तपूर्व 1208 च्या सुमाराच्या मिसरी राजा मर्नेप्ताच्या शिलालेखात मात्र कनानात ‘इस्राएल’ नावाचे लोक आहेत. लहानसा जमाव सुटून आला असेल आणि त्याची आठवण साऱ्या राष्ट्राची झाली असेल, असे अनेक अभ्यासकांना वाटते. यरीहोचे उत्खनन कॅथलीन केनियन यांनी 1952 ते 1958 मध्ये केले. तटबंदीचे शहर इस्राएलचा पुढारी यहोशवा याने ते जिंकल्याच्या मानल्या गेलेल्या काळाच्या पुष्कळ आधी पडले होते, असा त्यांचा निष्कर्ष निघाला.

नाताळच्या कथेतही गाठ आहे. मत्तयानुसार येशूचा जन्म हेरोदाच्या हयातीत झाला, आणि हेरोद बहुतेकांच्या मते ख्रिस्तपूर्व 4 मध्ये वारला. लूक रोमन सुभेदार क्विरीनिय याच्या नावनिशीचा (शिरगणतीचा) उल्लेख करतो, ती यहुदी इतिहासकार योसेफसच्या इतिहासाप्रमाणे इ.स. 6 मधली. दहा वर्षांचे अंतर पडते. जुळवून घेण्याचे बरेच प्रयत्न झाले, मला एकही पटलेला नाही. लूकला साल चुकले असावे. म्हणून बाळ गव्हाणीत नव्हते असे होत नाही.

बायबल पुन्हा पुन्हा बदलले गेले, असे मित्र म्हणतात.

1947 पासून मृत समुद्राजवळच्या गुहांत गुंडाळ्या सापडल्या. त्यातली यशया या बायबलमधल्या पुस्तकाची गुंडाळी तोवर हाती असलेल्या संपूर्ण इब्री हस्तलिखितांपेक्षा सुमारे हजार वर्षे जुनी. शब्दलेखनाचे आणि काही शब्दांचे फरक आहेत, पण यशया तोच आहे. यिर्मयाचे मात्र दोन पाठ त्या काळीही चालत होते, एक लांब, एक आखूड.

नव्या करारात मार्काच्या शेवटच्या अध्यायातली 9 ते 20 ही वचने चौथ्या शतकातल्या दोन सर्वांत महत्त्वाच्या हस्तलिखितांत नाहीत. व्यभिचारात धरलेल्या स्त्रीची गोष्टही योहानाच्या सर्वांत जुन्या प्रतींत नाही. ती गोष्ट मला अतिशय प्रिय आहे, आणि तरी हे सांगितलेच पाहिजे. भाषांतराबद्दल म्हणाल तर आपली मराठी परंपरा कष्टाची आहे : पंडिता रमाबाईंनी इब्री आणि ग्रीकचा अभ्यास करून सगळे शास्त्र साध्या मराठीत आणले, 1922 मध्ये जाण्यापूर्वी ते काम हातावेगळे केले.

येशू नावाचा माणूस खरोखर होऊन गेला का?

हो. ख्रिस्ती नसलेले अभ्यासकही बहुतेक सगळे हे मानतात. रोमन इतिहासकार टॅसिटस इ.स. 116 च्या सुमारास लिहितो की तिबिर्य कैसराच्या काळात पिलाताने ख्रिस्ताला देहदंड दिला. यहुदी इतिहासकार योसेफस ‘ख्रिस्त म्हटलेल्या येशूचा भाऊ’ याकोब याच्या वधाची नोंद करतो. योसेफसमधला दुसरा, लांब उतारा पुढे ख्रिस्ती हातांनी रंगवलेला आहे. तो व्हॉट्सॲपवर पुरावा म्हणून पाठवू नका.

पुनरुत्थान विज्ञानात बसते का?

बसत नाही, आणि बसावे असा दावाही नाही. मेलेली माणसे उठत नाहीत हे मग्दालीया मरीयेलाही ठाऊक होते, म्हणून तर ती सुगंधी द्रव्ये घेऊन गेली. वारंवार घडते ते विज्ञान तपासते. एकदाच घडले ते साक्षीवरून तपासावे लागते.

साक्ष अशी. करिंथकरांस पहिले पत्र इ.स. 53 ते 55 च्या सुमाराचे. त्याच्या पंधराव्या अध्यायात पौल त्याला मिळालेली नावांची यादी देतो : केफा (म्हणजे पेत्र), बारा जण, पाचशेहून अधिक बंधू, याकोब. म्हणजे ही यादी पत्राहून जुनी. थडग्याजवळ किती स्त्रिया होत्या, देवदूत एक की दोन, यावर चारही शुभवर्तमाने वेगवेगळे सांगतात. पण थडगे रिकामे असल्याचे प्रथम स्त्रियांना कळले यावर चौघे एक आहेत, आणि त्या काळी स्त्रीच्या साक्षीला फारसे मोल नव्हते. गोष्ट रचणाऱ्याने असे रचले नसते.

इतिहास इथवर आणून सोडतो : शिष्यांना आपण त्याला पाहिले अशी खात्री होती आणि तिच्यापायी त्यांचे जगणे पालटले. पुढचे पाऊल विश्वासाचे. मी ते टाकले आहे. ते सिद्ध करून दाखवीन असे मी म्हणत नाही, पण डोळे मिटून टाकले असेही नाही.

नासाने यहोशवाचा हरवलेला दिवस शोधला, हा संदेश खरा आहे का?

खोटा. यहोशवासाठी सूर्य थांबला असे शास्त्र सांगते, आणि तो दिवस गणितात सापडला असा हा संदेश. नासाने असे काही केलेले नाही, आणि गणिताने ते करताही येत नाही : आजच्या गतीवरून मागे मोजत गेले तर मध्ये दिवस ‘गाळला’ आहे हे दाखवणारी काही खूण हिशेबात नसतेच. तांबड्या समुद्रातली फारोच्या रथांची चाके, अराराट पर्वतावरचे नोहाचे तारू, तेही तसेच. येशूचे म्हणून दाखवल्या जाणाऱ्या तुरिनच्या कफनाची 1988 मध्ये कार्बन चाचणी झाली, तेव्हा कापड 1260 ते 1390 च्या दरम्यानचे निघाले. सत्याच्या प्रभूची साक्ष खोट्या संदेशाने देऊ नये. पाठवला असेल तर त्याच गटात ‘हे चुकीचे होते’ असे लिहा.

प्रार्थनेने बरे वाटते, मग गोळ्या बंद करू?

नाही. हे उत्तर मला मोठ्याने ओरडून द्यावेसे वाटते. टीबीच्या गोळ्या मध्येच सोडल्या तर जंतू औषधाला दाद देईनासा होतो. आपल्या विदर्भात सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार आहे, त्यासाठी रक्त तपासा, विवाहाआधीही तपासा. साप किंवा विंचू चावलेल्या माणसाला दवाखान्यापासून अडवणे हा महाराष्ट्राच्या 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्यात गुन्हा आहे. मी दर रविवारी आजाऱ्यांसाठी प्रार्थना करतो. त्यातल्या निम्म्या वेळी मी डॉक्टरच्या हातांसाठी प्रार्थना करत असतो. लूक वैद्य होता.

मुलगा बी.एस्सी.ला गेला आणि चर्चला येईनासा झाला. विज्ञानाने विश्वास घालवला का?

हे एका आईने विचारले होते. ताई, मी त्याच्याशी बोललो. त्याला उत्क्रांतीने दूर नेले नाही. शब्बाथ शाळेत त्याने एकदा डायनोसोरबद्दल विचारले होते आणि त्याला गप्प बसवले गेले, ते त्याच्या मनात राहिले. मी त्याची क्षमा मागितली. तो अजून येत नाही. शनिवारी मात्र माझ्याकडे येतो, आणि आम्ही दगड पाहतो.

नागपुरात हे सारे पाहायला कुठे जावे?

आकाशासाठी रमण विज्ञान केंद्राचे तारांगण. लाव्ह्याचे थर पाहायचे तर शहराबाहेरची कोणतीही जुनी गिट्टीखाण, फक्त परवानगी घेऊन आणि कड्यापासून दूर उभे राहून. टाकळीचे जुने थर आता घरांखाली गेले आहेत. काटोल रोडने जुनापाण्याला जा, तिथे लोहयुगातली शिलावर्तुळे आहेत, इस्राएलात राजे होते साधारण त्याच काळातली. तशीच वर्तुळे टाकळघाटला आहेत. ती पाहून परतताना 4 सप्टेंबर 1863 च्या संध्याकाळी हिस्लॉप पूर आलेल्या नाल्यात बुडाले. पावसाळ्यात जाऊ नका. डिसेंबरमध्ये आमचा तरुण संघ जातो, डबा आणि पाण्याची बाटली आणा, हातोडी मी आणतो.